वरून दिसणारं लग्न

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस पाणी प्यायच्या आधी भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "हे काय आहे?" जळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत, देवाच्या फोटोच्या शेजारी, पीव्हीसी पाईपची एक वेडीवाकडी चौकट टांगलेली असते. तिला शाळेच्या दप्तराचे पट्टे आहेत. खांद्यावर टेकते त्या जागी एसीच्या नळीला गुंडाळतात तो काळा फोम आहे. कॅमेरा खांद्यावर घेऊन चालताना चित्र हलू नये म्हणून नवऱ्याने ती केली आहे. पलंगाखाली एक लांब फळी असते. तिच्यावर ड्रॉवरला लावतात ते सरकते चॅनेल बसवलेत. कॅमेरा त्यावर ठेवून हळूच ढकलला की रुखवतावरून नजर फिरावी तसं चित्र सरकतं. मोबाईलच्या स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून काळ्या प्लास्टिकच्या फाईलमधून कापलेली टोपी आहे, ती मी स्वतः केली आहे आणि तिचा मला अभिमान आहे.

नवरा आधी औद्योगिक वसाहतीत सरकत्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. अल्युमिनियमची पट्टी हातात आली की तिचं काय काय होऊ शकतं हे त्याला आपोआप दिसतं. मी माझ्या मामाच्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढत शिकले. आम्ही मिररलेस कॅमेरा घेतला तेव्हा तो हातात धरून नवरा बराच वेळ त्याचं वजन तोलत होता. मामाचे जुने व्हिडिओ कॅमेरे केवढे जड! हा तळहातावर मावत होता. "एवढ्या हलक्या वस्तूला कुठंही बसवता येईल," तो म्हणाला. त्या दिवसापासून आमचं घर असं झालं. घरात मी त्याला अहो-जाहोच करते, पण लिहिताना हात एकेरीवर जातो. तो हे वाचेल तेव्हा हसेल.

मी काळजी करणारी आहे. गॅसची कळ बंद आहे का, हे मी गल्लीच्या टोकावरून परत येऊन बघते. कार्डावर रेकॉर्डिंग उतरतंय का, बॅटरी पुरेल का, कुणाचा पाय वायरीत अडकेल का, हे सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी चालू असतं. पण माझ्या काळजीला एक कारणही होतं. पहिल्या वर्षी एका बारशात चालता चालता माझ्या खांद्यावरच्या रिगचा, म्हणजे कॅमेरा बसवायच्या चौकटीचा, पाईपच्या सोल्युशनने चिकटवलेला जोड सुटला आणि कॅमेरा खाली गेला. पाळण्याच्या शेजारी, सतरंजीवर. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं. कॅमेऱ्याला काही झालं नाही, बाळ जागंसुद्धा झालं नाही, घरचे लोक हसले. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. सतरंजी आणि पाळणा यांच्यामध्ये जेवढं अंतर होतं तेवढंच मला दिसत राहिलं.

त्यानंतर नवऱ्याने सोल्युशन वापरणं सोडलं. सगळे जोड नट-बोल्टचे केले. पण मी प्रत्येक वेळी जोड हलवून बघायचे, आणि मी हलवून बघतेय हे बघून त्याचा चेहरा उतरायचा. एकदा तो म्हणाला, "तुझा कॅमेऱ्यावर भरवसा आहे, लेन्सवर आहे, कार्डावर आहे. माझ्याच कामावर नाही."  मग मी त्याच्यासमोर जोड हलवून बघणं बंद केलं. काळजी संपली नाही, ती तोंडातून बाहेर यायची थांबली.

ज्या लग्नाची ही गोष्ट आहे ते धुळ्याच्या पुढे, तापीच्या बाजूच्या एका गावातलं. नवरी शाळेत शिक्षिका होती. तिने आम्ही केलेले लग्नांचे व्हिडिओ मोबाईलवर बघितले होते आणि स्वतःच फोन केला.

"ताई, मला वरून एक शॉट पाहिजे," ती म्हणाली. "मंगलाष्टकं चालू असताना."

"ड्रोन मंडपाच्या आत उडवता येत नाही," मी सांगितलं.

"ड्रोन नको. पण बघा ना, मी अंतरपाटाच्या एका बाजूला असणार, ते दुसऱ्या बाजूला. मी मान खाली घालून उभी. मला माझ्याच लग्नात काही दिसणार नाही. ज्याला दोघंही एकदम दिसतील असं तिथं कुणीच नसतं. वरून तेवढं दिसेल."

तिचं बोलणं मला इतकं पटलं की मी हो म्हणून गेले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की मी नवरा-नवरीच्या डोक्यावर काहीतरी टांगायला कबूल झाले आहे.

माझा नवरा मात्र खूश झाला. त्याने चौकोनी अल्युमिनियम पाईपचा एक हात केला, त्याच्या टोकाला कॅमेऱ्याची चौकट आणि दुसऱ्या टोकाला मंडपाच्या आडव्या पाईपला घट्ट आवळता येईल असा लोखंडी क्लॅम्प. शिवाय एक वेगळी तार, क्लॅम्प सुटलाच तर कॅमेरा लटकून राहावा म्हणून. गच्चीत पाण्याच्या टाकीच्या पाईपला ते बांधून त्याने खाली घमेलं अडकवलं आणि घमेल्यात विटा भरल्या. "कॅमेरा याच्या निम्म्याचाही नाही," तो म्हणाला. घमेलं दिवसभर तसंच लटकत होतं. मी कपडे वाळत घालायला गेले, काढायला गेले, आणि दोन्ही वेळा त्याच्याखालून न जाता लांबून वळसा घालून गेले. तेही त्याने बघितलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटेच गाडीवरून निघालो. रिग लांब होती म्हणून ती आदल्या दिवशी नवरीच्या चुलत भावाच्या टेम्पोतून गेली होती. एरंडोल, पारोळा, मग धुळ्याचा वळणरस्ता. तिथल्या टपरीवर चहा घेताना मी म्हणाले, "अहो, स्टेजच्या बाजूला उंच स्टँड लावून तिरका शॉट घेतला तर?"

"तिला वरून पाहिजे. तिरक्यात अंतरपाट मधे येईल."

"हो, तेही खरंच."

मी त्यापेक्षा जास्त काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं नंतर पुष्कळदा वाटलं, पण काय बोलले असते? भीती वाटते, एवढंच. आणि भीती मला रोजच वाटते.

मंडप घराच्या पुढच्या मोकळ्या जागेत होता. लोखंडी उभे खांब, त्यांच्यावर आडवे पाईप, वर गुलाबी-पांढरं कापड. मंडपवाल्याला सगळे नाना म्हणत होते, म्हणून आम्हीही नाना म्हणालो. त्यांनी क्लॅम्प हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"कितलं वजन शे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. नाना हसले. "इतलंच? बांध मंग."

नवरा शिडीवर चढला. त्याने पाना घेऊन बोल्ट आवळला, तार दुहेरी फिरवली, मग त्या हाताला स्वतः लोंबकळल्यासारखा झोका दिला. पाईप जागचा हलला नाही. फुलं लावणारी माणसं आली आणि त्यांनी झेंडूच्या माळांनी रिग पूर्ण झाकून टाकली, म्हणजे खालून बघणाऱ्याला फक्त फुलांचा घोस दिसावा. छान दिसत होतं. पण आता मला क्लॅम्प दिसत नव्हता, तार दिसत नव्हती. मला जे काही कळणार होतं ते मोबाईलवरूनच. कॅमेरा वायफायने मोबाईलला जोडलेला होता. वरून जे दिसतं ते मला स्क्रीनवर दिसायचं, क्षणभर उशिरा.

चौकट सुरेख बसली होती. मधोमध दोन पाट, चारी बाजूंनी लाल गालिचा. गालिच्याची कड फ्रेमच्या बाहेर. नवऱ्याने तसं मुद्दाम मोजून लावलं होतं.

मुहूर्त दुपारचा होता. वरात मारुतीच्या देवळापासून निघाली आणि डीजेपुढे नाचणाऱ्यांनी ती घरापर्यंत यायला एवढा वेळ लावला की भटजी दोनदा घड्याळ बघून बाहेर जाऊन आले. तोवर वारा सुटला. वैशाखातला आमच्याकडचा वारा थंडावा देत नाही, तो भट्टीतून आल्यासारखा येतो आणि माती घेऊन येतो. मंडपाचं कापड फुगायचं आणि धपकन खाली बसायचं. प्रत्येक धपक्याला मी वर बघायचे. फुलांचा घोस हलायचा आणि थांबायचा. धूळ उडू नये म्हणून कुणीतरी जमिनीवर पाणी मारलं होतं. स्टेजच्या मागे पिण्याच्या पाण्याचा मोठा ड्रम होता, त्याची तोटी नीट बंद होत नव्हती, आणि बायका-पोरं तिथे पेले भरत होती. त्या चिखलातून मी स्वतः साडी वर धरून गेले. शेजारचा उभा खांब मला दिसला असणारच. त्याच्याकडे मी बघितलं नाही. माझं सगळं लक्ष वर होतं.

अखेर नवरा मुलगा स्टेजवर आला, मग मामाने नवरीला आणलं. अंतरपाट धरला गेला. माझा नवरा खांद्यावरची रिग घेऊन नवऱ्या मुलाच्या बाजूला होता. मी नवरीच्या बाजूला, हातात दुसरा कॅमेरा आणि गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेला मोबाईल. नवरीच्या एका आत्याने माईक घेऊन पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. मी मोबाईलकडे बघितलं आणि खरं सांगते, तेवढ्या वेळात मी घाबरायची विसरले. अंतरपाट वरून एका पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता. रेघेच्या एका बाजूला फेटा, दुसऱ्या बाजूला मुंडावळ्या आणि हळदीने पिवळे झालेले हात. तांदूळ मधूनमधून फ्रेममध्ये शिरत होते. दोघंही मान खाली घालून, एकमेकांना न दिसता, अगदी एकसारखे उभे होते. नवरीला हेच पाहिजे होतं.

दुसऱ्या मंगलाष्टकाच्या वेळी फ्रेमच्या डाव्या कडेला गालिच्याची किनार दिसली.

मी नीट पाहिलं. सकाळी ती तिथे नव्हती. गालिचा सरकला असेल, मी मनात म्हणाले. एवढी माणसं स्टेजवर चढली आहेत. पण गालिचा कडेला खिळ्यांनी ठोकलेला होता. मी वर बघितलं. फुलं हलत होती, पण फुलं सकाळपासूनच हलत होती. मी समोर माझ्या नवऱ्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. सगळं ठीक आहे.

तिसरं मंगलाष्टक नवऱ्या मुलाच्या काकूने म्हटलं, खूप लांबवून. किनारीबरोबर आता स्टेजची फळीही दिसायला लागली होती. क्लॅम्प फिरतोय, मला वाटलं. बोल्ट ढिला होतोय. फिरू दे, तार आहे, तार धरून ठेवील. मग मला दुसरंच काही दिसलं. फेटा मोठा झाला होता. नवरीचा भांग, जो मघाशी बारीक रेघ होता, त्यात अडकलेले तांदळाचे दाणे आता स्पष्ट दिसत होते. लेन्सला झूम नव्हता. डोकी मोठी दिसायची तर कॅमेऱ्याने खाली यायला पाहिजे.

मी किती वेळ तशी उभी होते, मला सांगता येत नाही. आठवतं ते एवढंच की माझ्या मनात दोन गोष्टी चालल्या होत्या. एक, की हे थांबवायला पाहिजे. दुसरी, की मंगलाष्टकं मधेच थांबवायची म्हणजे काय! शेकडो माणसं हातात अक्षता घेऊन उभी आहेत. मी व्हिडिओवाली. मी थांबवलं आणि काहीच झालं नाही, तर? लोक काय म्हणतील ते म्हणतील. पण सगळ्यांसमोर, भर लग्नात, मी नवऱ्याच्या हातच्या कामावर अविश्वास दाखवला, हे तो कसं विसरेल? बारशातली सतरंजी डोळ्यांपुढे आली. मी पुन्हा त्याच्याकडे बघितलं, तो आता व्ह्यूफाइंडरला डोळा लावून होता. मी हात केला. त्याला दिसला नाही.

मग वाऱ्याचा एक झोत आला, कापड फुगलं, आणि स्क्रीनवरचं सगळं चित्र एका बाजूला कललं.

मी हातातला कॅमेरा तसाच सोडला, तो गळ्यात लोंबकळला. मी स्टेजवर चढले आणि नवरीच्या दंडाला धरून तिला मागे ओढलं. ओरडले, "मागे व्हा! वरचं खाली येतंय! मागे व्हा!" माझा आवाज माईकमध्ये गेला. काकूचं मंगलाष्टक मधेच तुटलं. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडला आणि कापड नवऱ्या मुलाच्या पायात पडलं, तसा तो दचकून पाटावरून मागे सरला.

नवरीचे आजोबा, सगळे ज्यांना आबा म्हणायचे, पुढच्या खुर्चीवरून उठले. "काय व्हयनं, बाई? काबर ओढी राहिनी पोरले?"

"आबा, वर बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. आणि काहीच झालं नाही. फुलांचा घोस होता तिथेच होता. नवऱ्या मुलाचे मामा माझ्या अंगावर आल्यासारखे पुढे आले. "मुहूर्त चाललाय, तुम्हाला काही कळतं का? एका व्हिडिओसाठी..." माझा नवरा माणसांना बाजूला करत माझ्याकडे येत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला वाचता येत होतं. मी नवरीचा दंड सोडला नव्हता. तिच्या हातातला हार माझ्या मनगटाला घासत होता. मी चुकले, मला वाटलं. मी एक लग्न मोडलं.

तेवढ्यात स्टेजच्या मागच्या बाजूने कुरकुर आवाज आला, बैलगाडीचं चाक फिरावं तसा. आडव्या पाईपचं एक टोक खांबावरच्या जोडातून निसटलं आणि तो खाली आला. फार वेगाने नाही. कापडाने त्याला जरा धरून ठेवलं, मग कापड फाटलं. भटजी अजून होमाच्या सामानाशी वाकलेले होते. माझ्या नवऱ्याने त्यांना दोन्ही हातांनी ढकललं, आणि पाईप त्याच्या कोपराला घासून पाटांवर आदळला. फुलं, धूळ, कापड, सगळं एकदम. माईकने एक लांब किंकाळी फोडली आणि कुणीतरी वायर ओढून तो बंद केला.

 एक बाई रडायला लागली आणि सगळे एकदम बोलायला लागले.

कुणाला फारसं लागलं नव्हतं. भटजींचा गुडघा खरचटला होता. माझ्या नवऱ्याच्या हातातून रक्त येत होतं, पण हाड शाबूत होतं. नवरीची आत्या "बठ्ठा मंडप खाले उना, बठ्ठा मंडप" असं म्हणत होती, तेही खरं नव्हतं, एकच पाईप आणि त्याच्यावरचं कापड आलं होतं. पण पाट होते तिथेच आलं होतं.

मग दोष द्यायची वेळ आली. नाना म्हणाले, "मना मंडप आजपावत कधी पडना नही. तुमनं यंत्र टांगं म्हणीसन पडना." नवरा रक्ताचा हात दुसऱ्या हाताने धरून त्यांना स्टेजच्या मागे घेऊन गेला. पाण्याच्या ड्रमशेजारचा उभा खांब चिखलात चांगलाच खचला होता. "हे बघा नाना. खांब खाली गेला, म्हणून पाईप निसटला." नाना म्हणाले, "वजन होतं म्हणीसन खचना." नवरा म्हणाला, "एका कॅमेऱ्याने खांब खचतो?" दोघंही बरोबर असतील, किंवा नसतील. वारा होता, पाणी होतं, फुगणारं कापड पाईपला ओढत होतं आणि त्यात आमचंही थोडं वजन होतं. ते नेमकं कशाने झालं याचा निकाल त्या दिवशी लागला नाही आणि नंतरही लागला नाही. मला अजून कधीकधी वाटतं, आमचं वजन नसतं तर?

हे भांडण आबांनी थांबवलं. ते मुलाच्या मामांना म्हणाले, "मुहूर्त टळना ते टळना. पोरे वाचनात ना? मंग चला, निंबनाखाले चला."

घराच्या मागच्या अंगाला एक मोठा निंब होता. तिथे बांधलेली गुरं सोडून लांब नेली, शेण काढलं, कुणीतरी धुतलेली चादर आणून अंतरपाट म्हणून धरली. भटजी लंगडत आले. काकूने तेच मंगलाष्टक पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, या वेळी न लांबवता. मी कॅमेरा निंबाच्या बुंध्याला टेकवून धरला. माझ्या नवऱ्याच्या हाताला पंच्याचा तुकडा बांधला होता आणि तो तसाच शूट करत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मी सारखी वर बघत होते. निंबाच्या फांद्या हलत होत्या आणि मला त्यांचीही भीती वाटत होती.

लग्न लागल्यावर आम्ही रिग काढायला गेलो. पाईप अजून पाटांवर आडवा होता. मी झेंडूच्या माळा बाजूला केल्या आणि बघितलं. क्लॅम्प पाईपला तसाच चिकटून होता. जिथे सकाळी आवळला होता तिथेच, तसूभरही सरकलेला नाही. तार ताणलेली. चौकटीचा एक कोपरा वाकला होता, लेन्सवरची काच तडकली होती, पण कॅमेरा आत शाबूत होता, आणि त्याचा लाल दिवा चालू होता. तो अजून रेकॉर्ड करत होता. नवऱ्याने डाव्या हाताने पाना घेतला. बोल्ट त्याच्याकडून सुटेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे सुटला.

परत येताना गाडी मी चालवली. पारोळ्यापर्यंत तो मागे हात छातीशी धरून बसला होता. मग म्हणाला, "तुला काय वाटलं होतं? क्लॅम्प सुटतोय?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो," मी म्हणाले.

 ट्रक गेला, मग आणखी एक. नंतर त्याने विचारलं, "आधी माझ्याकडे का नाही आलीस?"

"मी बघितलं तुमच्याकडे. तुम्ही अंगठा दाखवला."

"तो रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून दाखवला. मला वाटलं तू तेच विचारतेस. तू नेहमी तेच विचारतेस."

मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली, कारण मला समोरचं दिसेना. तो उतरला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि बांधलेला हात माझ्या डोक्यावर ठेवून थांबला. पाठीवर थोपटावं की काय करावं, हे त्याला कळत नसावं. कापसाच्या रिकाम्या शेतातून वारा येत होता. आम्ही तसेच थोडा वेळ थांबून पुढे निघालो.

वरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मी बघू शकत नव्हते. एक दिवस मी बाजारातून आले तर तो संगणकासमोर बसून तेच बघत होता. पहिलं मंगलाष्टक, दुसरं. किनार येते तिथे तो थांबला, मागे गेला, पुन्हा बघितलं. फेटा मोठा होतो तिथे त्याने स्क्रीनला बोट लावलं.

"हे एवढ्याशा मोबाईलवर तुला दिसलं?"

"हो."

"मला इथे मोठ्या स्क्रीनवरही पहिल्या वेळी दिसलं नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी असतो तर थांबलो नसतो. मंगलाष्टक संपू दिलं असतं." आणि मग त्याने स्क्रीन बंद केली, कारण पुढे काय आहे ते दोघांनाही माहीत होतं.

नवरीचा फोन आला तेव्हा मी आधीच माफी मागायला लागले. तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "ताई, ते सगळं ठेवा," ती म्हणाली. "तुम्ही मला ओढता तिथपर्यंत. मी सासरी सगळ्यांना दाखवणार आहे. त्यांच्या मामांना तर दोनदा दाखवणार." मग हसली. "मला तेव्हा काही कळलंच नाही. मला वाटलं कुणीतरी लग्न मोडायला आलं." मी तिला म्हणाले, मलाही तसंच वाटलं होतं.

आम्ही तिच्या व्हिडिओत ते ठेवलं. पाईप पडतो ते मात्र काढून टाकलं. माझा हात फ्रेममध्ये शिरतो तिथे कापलं आणि निंबाखालचं लग्न जोडलं.

या लग्नसराईत जळगावातल्या एका कार्यालयात काम होतं. छत पक्कं, सिमेंटचं. मुलीच्या वडिलांनी वरून शॉट मागितला. हो म्हणायला मी तोंड उघडलं, कारण इथे पाणी नाही, वारा नाही, खांब नाही. तर नवराच म्हणाला, "वर काही टांगणार नाही." खूप आग्रह झाला तेव्हा त्याने स्टेजच्या बाहेर जमिनीवर उभी राहणारी एक रुंद चौपायी केली. तिचा लांब हात स्टेजवर जायचा आणि मागच्या बाजूला वजनाला वाळूची पोती. मला ती आवडली. मी जोड हलवून बघितले, त्याच्यासमोर, आणि त्याला राग आला नाही. उलट त्याने स्वतः ते पुन्हा हलवून बघितले. मग पुन्हा. लग्नाला माणसं जमायला लागली तरी तो पाना घेऊन त्या चौपायीजवळच होता. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली, त्याचा कॅमेरा अजून पिशवीत होता.

मी जवळ गेले. त्याने मला विचारलं, "पोती सरकणार नाहीत ना?"

"नाही सरकणार."

"आणि हा मधला बोल्ट?"

"घट्ट आहे. मी बघितलाय."

तो हो म्हणाला, पण तिथून हलला नाही. मी त्याच्या हातातून पाना घेतला, त्याच्या समोर बोल्टला लावला आणि जोर करून दाखवला. तो बघत राहिला. मग खांद्यावर रिग चढवून नवऱ्या मुलाच्या बाजूला गेला. मी नवरीच्या बाजूला उभी राहिले आणि मोबाईल वर धरला. अंतरपाट धरला गेला. अक्षता पडायला लागल्या. मी स्क्रीनच्या चारी कडांवरून नजर फिरवत होते, आणि मधूनच डोळे वर करून बघितलं की समोर तोही चौपायीकडेच बघत असायचा.